कृष्णवर्णीय पाहुण्याला घरात जागा देताना : बडोद्याच्या मराठी घरमालकांसाठी

बडोद्यात शिकायला, कामाला किंवा नुसते फिरायला येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला जो पहिला भेदभाव सोसावा लागतो, तो बहुधा खोली शोधताना आणि अतिशय गोड शब्दांत. फोनवर भाडे ठरलेले असते, डिपॉझिट ठरलेले असते, दलाल फाटकापाशी उभा असतो. विद्यार्थी रिक्षातून उतरतो, घरमालक गॅलरीतून एकदा खाली पाहतात आणि ते जिना उतरून येण्याआधीच दलालाच्या मोबाइलवर निरोप येतो की खोली मघाशीच गेली. कोणी आवाज चढवत नाही, उलट उन्हातून आलात म्हणून पाणी विचारले जाते, आणि पुढच्या आठवड्यातही ‘रूम भाड्याने देणे आहे’ ही पाटी त्याच फाटकावर लटकत असते.

हे लेखन अशा घरांसाठी आहे ज्यांना असा नकार द्यायचा नाही, पण होकार दिल्यावर काय काय करावे लागते याची पुरती कल्पना नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि वाघोडियाच्या बाजूच्या खासगी विद्यापीठात आफ्रिकेतल्या अनेक देशांचे विद्यार्थी शिकतात, त्यामुळे दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांपासून प्रतापगंज, फतेहगंजपर्यंत हा प्रश्न कधी ना कधी दारात येतोच. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतून कृष्णवर्णीय जोडीदाराला घेऊन घरी येणार आहे, त्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. भाडेकराराचा भाग तेवढा त्यांनी सोडून द्यावा.

होकार देण्यापूर्वी

नकार देणारा क्वचितच स्वतःच्या नावाने नकार देतो, आणि ही गोष्ट बडोद्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन, ज्या संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली होती त्याच संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यासाठी या शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी लोकांसाठी असलेल्या एका विश्रामगृहात नोंदवहीत पारशी नाव लिहून त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या डझनभर लोकांनी त्यांना घेरले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. त्यानंतरचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, आणि तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. एक हिंदू स्नेही म्हणाले की तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील; एक ख्रिस्ती स्नेही म्हणाले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कमाटीबागेत बसून काढला. जातीचा प्रश्न आणि वर्णाचा प्रश्न एकच नव्हेत, दोहोंचा इतिहास निराळा आहे. जागा नाकारण्याची रीत मात्र हुबेहूब तीच आहे. नोकरांच्या जागी आता सोसायटी आली, आणि ‘हिला विचारतो’ हे वाक्य तर शब्दशः तसेच राहिले आहे.

म्हणून पहिले काम असे की, घरातल्या प्रत्येकाशी पाहुणा येण्याच्या आधी, स्पष्टपणे आणि त्याच्या देशाचे नाव घेऊन बोलावे. ‘बाहेरचा एक मुलगा येणार आहे’ असे गुळमुळीत सांगून ठेवले, तर दारात त्याला पाहताच सासूबाईंच्या किंवा स्वयंपाकाच्या बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहुण्याला पहिल्याच क्षणी दिसते, आणि नंतर कितीही आग्रह करून जेवायला वाढले तरी ते पुसले जात नाही. ‘टांझानियाचा मुलगा आहे, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आपल्या मागच्या खोलीत राहणार आहे’ असे सांगितले की आक्षेप असेल तर तो तेव्हाच बाहेर पडतो. तो घरातच, पाहुण्याच्या अपरोक्ष, निस्तरावा. घरातल्या माणसाला राजी करणे हे घरमालकाचे काम आहे. त्याचा भार येणाऱ्याच्या वागणुकीवर टाकू नये.

सोसायटीचे म्हणाल, तर ‘सोसायटी नाही म्हणते’ या वाक्यावर थांबू नये. कोणता ठराव, कोणत्या तारखेचा, कोणत्या उपविधीखाली, हे सेक्रेटरींना नम्रपणे आणि शक्यतो लेखी विचारावे. बहुतेक वेळा ठराव नसतोच. चार जणांचे मत असते, आणि ते मत कागदावर मांडायला कोणी तयार नसते. अविवाहितांना जागा न देण्याचा खरोखरच नियम असेल, तर तो पुण्याहून आलेल्या मुलालाही लागू होतो आहे की नाही, एवढे पाहावे. नियम सर्वांना सारखा असेल तर तो जाचक म्हणता येईल, भेदभाव म्हणता येणार नाही. एकालाच लागू होत असेल तर तो नियम नव्हे.

शेजारी जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात : अमली पदार्थ, आजार, मांसाहार, रात्रीचा गोंगाट. यांतल्या आजाराच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे लसीकरणाचा दाखला असावा लागतो आणि तो विमानतळावरच तपासला जातो. अमली पदार्थांबद्दलचा संशय मात्र अधिक घातक आहे, कारण तो एका माणसावरचा नसून सगळ्या वर्णावरचा असतो. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे एका किशोरवयीन मुलाच्या मृत्यूनंतर, कोणताही पुरावा हाती नसताना, नायजेरियन विद्यार्थ्यांवर संशय घेतला गेला आणि मॉलमध्ये सापडलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने खुर्च्यांनी मारले. त्याआधी वर्षभर, २०१६ च्या सुरुवातीला, बंगळुरूमध्ये एका सुदानी माणसाच्या मोटारीखाली एक बाई गेली, आणि थोड्या वेळाने त्याच रस्त्याने मोटारीतून आलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने ओढून मारहाण केली. त्या अपघाताशी तिचा काही संबंध नव्हता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘हे लोक असेच असतात’ असा मजकूर फिरू लागला की या दोन घटनांची आठवण ठेवावी आणि त्याच गटावर, त्याच वेळी, शांतपणे उत्तर लिहावे. गप्प राहून नंतर जिन्यात एकेकट्याला समजावण्याचा उपयोग होत नाही.

अटी आणि भाडे

पाहुण्याला सांगायच्या अटी त्याचे नाव कळण्यापूर्वी ठरवून कागदावर उतरवून ठेवाव्यात, ही एक साधी युक्ती आहे आणि ती स्वतःला तपासायला फार उपयोगी पडते. भाडे, डिपॉझिट, विजेचे बिल, रात्री दार बंद होण्याची वेळ, स्वयंपाकघराचा वापर, मित्र मुक्कामाला येणे, हे सगळे लिहून झाल्यावर मगच फोन घ्यावा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून दोनऐवजी चार महिन्यांचे डिपॉझिट मागणे, किंवा इतरांना न मागितलेला स्थानिक जामीनदार मागणे, हा नकाराचाच एक प्रकार आहे.

मांसाहाराबद्दल बडोद्यात विशेष स्पष्ट असावे. घरात मांस शिजवायचे नसेल तर पहिल्याच फोनवर सांगावे. ज्याला चालणार नाही तो स्वतःहून दुसरीकडे बघेल, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. पण जोशांच्या मुलाने खोलीत अंडी उकडली तर कानाडोळा आणि रवांडातल्या किगालीच्या मुलाने उकडली तर नोटीस, असे होऊ देऊ नये. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पुष्कळ मुलांना चपाती, चहा आणि समोसा घरचेच वाटतात, कारण हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर हे पदार्थ तिकडे कधीच पोचले आणि स्वाहिलीतही जवळपास त्याच नावांनी रुळले.

कायद्याचे काय, असा प्रश्न येतो. संविधानातील अनुच्छेद १४ आणि २१ यांचे संरक्षण परदेशी माणसालाही आहे, पण वंश, जात, धर्म यांवरून दुकान, उपाहारगृह, हॉटेल इत्यादी ठिकाणी मज्जाव करण्यास मनाई करणारा अनुच्छेद १५ नागरिकांपुरता आहे, आणि खासगी घरमालकाने खोली कोणाला द्यावी यात तो फारसा शिरत नाही. अमेरिकेतही परिस्थिती काही अंशी अशीच आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले आणि खाणावळी सर्वांना खुल्या केल्या, पण मालक स्वतः राहत असलेल्या आणि भाड्याच्या खोल्या पाचांहून अधिक नसलेल्या घराला त्यातून सूट ठेवली. त्यामुळे कृष्णवर्णीय प्रवाशाची गाठ कायद्याशी पडण्याआधी घरमालकाच्या मर्जीशी पडते, तिकडे आणि इकडेही.

तिकडच्या प्रवाशांनी यावर काढलेला तोडगा जाणून घेण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली एक प्रवासपुस्तिका काढली, जी पुढे ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली गेली आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिली. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणता पेट्रोल पंप, कोणते केशकर्तनालय कृष्णवर्णीयांना परतवून लावत नाही, याची ती यादी होती. तिच्यात हॉटेलांच्या बरोबरीने साध्या घरांचीही नावे असत : ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे आणि जे प्रवाशाला रात्रीपुरते ठेवून घेतील अशा कुटुंबांची. आपल्या मागच्या खोलीचा दर्जा कोणता, असे कोणी विचारलेच तर तो हा.

इंटरनेटवरून खोली देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या संशोधकांच्या प्रयोगात, एअरबीएनबीवर (प्रवाशांना घरे व खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर) सर्व मजकूर सारखा ठेवून केवळ नाव कृष्णवर्णीय अमेरिकनाचे वाटेल असे घातले, तर गोऱ्या वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत होकार सुमारे १६ टक्क्यांनी कमी मिळाले. पुढे २०१८ साली त्या कंपनीने पाहुण्याचे छायाचित्र आरक्षण स्वीकारल्यानंतरच यजमानाला दिसेल अशी व्यवस्था केली. आपणही तेच करू शकतो : आधी होकार किंवा नकार, मग छायाचित्र. दलालालाही तसेच सांगून ठेवावे, आणि ‘आफ्रिकन चालेल का?’ असे तो विचारू लागला तर यापुढे हा प्रश्न विचारू नका, असे त्याला एकदाच पण ठामपणे सांगावे.

कागदपत्रे

कागदपत्रांच्या आधी एक खबरदारी. कृष्णवर्णीय म्हणजे परदेशी, असे धरून चालू नये. गुजरातमध्ये आफ्रिकन वंशाचा सिद्दी समाज शतकानुशतके राहतो. गीरजवळचे जांबूर, भरूच जिल्ह्यातले रतनपूर ही त्यांची गावे आपल्यापासून फार लांब नाहीत, आणि जांबूरच्या समाजसेविका हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा माणसाने अस्खलित गुजरातीत खोलीची चौकशी केल्यावर त्याला पासपोर्ट मागणे म्हणजे त्याला स्वतःच्याच राज्यात पाहुणा ठरवणे होय. राष्ट्रीयत्व विचारायचे असेल तर सर्वांनाच विचारावे, आणि ओळखपत्र कोणते आहे ते त्याला सांगू द्यावे.

पाहुणा परदेशी असेल तर हॉटेल, वसतिगृह किंवा खासगी घर, कोणीही असो, तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. लोक याला अजूनही सी-फॉर्म म्हणतात. परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे मोडीत काढणारा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला, पण घरमालकाची ही जबाबदारी कायम आहे. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर, उदाहरणार्थ विद्यार्थी व्हिसावर, आलेल्याला स्वतःची नोंदणीही १४ दिवसांच्या आत करावी लागते. शिवाय शहर पोलिसांकडची भाडेकरू नोंद आणि भाडेकरार आहेतच. हे सोपस्कार जर्मन पाहुण्यालाही तितकेच लागू आहेत, हे कृष्णवर्णीय पाहुण्याला आवर्जून सांगावे, कारण आतापर्यंतच्या अनुभवावरून ही तपासणी फक्त आपलीच होते आहे असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही. चांपानेरच्या स्मारकांपाशी परदेशी लोकांना जास्त दराचे तिकीट असते, तेही असेच आधी सांगून ठेवावे.

अर्ज भरताना एक अडचण हमखास येते आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात दिलेली नसते. कोपऱ्यावरच्या दुकानात पासपोर्टची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की गडद वर्णाच्या माणसाच्या छायाचित्राचा एक काळा ठिपका होतो. डोळे, नाक, ओठ काही दिसत नाही. मग पोलीस ठाण्यातला शिपाई कागद परत करतो, विद्यार्थी पुन्हा रांगेत लागतो आणि दोघेही वैतागतात. त्यासाठी झेरॉक्स रंगीतच काढावी, आणि दुकानदाराला गडदपणा दोन घरे कमी करायला सांगावे. ऑनलाइन जोडायचे छायाचित्र सकाळी खिडकीसमोर, उजेड चेहऱ्यावर पडेल असे काढावे. मागे पांढरीशुभ्र भिंत असेल तर मोबाइलचा कॅमेरा भिंतीचा उजेड धरतो आणि चेहरा आणखी काळवंडतो, म्हणून पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून मग छायाचित्र घ्यावे. कागद नेऊन देताना पहिल्या खेपेला पाहुण्यासोबत स्वतः जावे. स्थानिक माणूस शेजारच्या खुर्चीत बसलेला असला की प्रश्नांचा सूर बदलतो, हे न्याय्य नाही, पण खरे आहे.

घरात आणि गावात

पहिल्या दिवशी घर दाखवताना देशाचे नाव नीट विचारून घ्यावे आणि ते लक्षात ठेवावे. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. मोझांबिकचा मुलगा पोर्तुगीज बोलेल, काँगोचा फ्रेंच, आणि नायजेरियातल्या लागोस शहरातून आलेल्याला ‘जंगलात सिंह पाहिलास का?’ असे विचारणे म्हणजे मुंबईकराला वाघाबद्दल विचारण्यासारखे आहे. केसांना हात लावू नये, लहान मुलांनाही लावू देऊ नये. ‘किती वेगळे आहेत, बघू’ हे कौतुक असले तरी रोज दहा जणांनी केले की ते सहन होत नाही. हबशी, निग्रो, कालू हे शब्द घरात कोणाच्याच तोंडी नसावेत, तो समोर नसतानाही, कारण पाहुण्याला आपली भाषा कळत नाही हा समज फार दिवस टिकत नाही. रंगावरून होणाऱ्या घरगुती बोलण्याचेही तेच. ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ हे आपण आपल्या मुलींना सहज म्हणतो, आणि ते ऐकणाऱ्या पाहुणीला या घरात रंगाची प्रतवारी कशी लावली जाते ते पुरते कळते.

बोलण्यासाठी विषय हवाच असेल तर आपल्याकडे भरपूर आहेत. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला मलिक अंबर आपण शाळेत शिकलेलो असतो; आफ्रिकेतल्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी त्याचे नाव ऐकलेलेही नसते. गांधीजींचा विषय निघाला तर सगळे स्तुतीच करतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लेखनातील कृष्णवर्णीयांविषयीच्या उल्लेखांवरून घाना विद्यापीठात विरोध झाला आणि २०१६ साली तिथे उभारलेला पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. पाहुण्याने हे काढले तर ऐकून घ्यावे.

घराबाहेर पडल्यावर पाहुण्याला दोन टोकांचे बडोदे भेटते. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर त्याच्याबरोबर सेल्फी काढायला रांग लागते, चनियाचोळी घातलेल्या आफ्रिकन मुलीचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. दसरा झाला की त्याच मुलीला खोली दाखवायला कोणी तयार नसते. छायाचित्रांचे म्हणाल, तर कमाटीबागेत किंवा सुरसागरच्या काठावर लोक न विचारता मोबाइल रोखतात. अशा वेळी पाहुण्याला बाजूला ओढून नेण्यापेक्षा आपण पुढे होऊन ‘भाई, पूछीने फोटो पाडजो’ एवढेच हसून म्हणावे. गुजरातीतून म्हटले की समोरचा बहुतेकदा ओशाळतो आणि विचारतो. मग हो म्हणायचे की नाही हे पाहुण्याने ठरवावे. त्याच्या वतीने आपण ‘हो हो, काढा’ असे म्हणू नये.

रिक्षाचे भाडे पहिले काही दिवस आपण ठरवून द्यावे आणि स्टेशन, विद्यापीठ, घर या नेहमीच्या अंतरांचे चालू दर त्याच्या मोबाइलमध्ये लिहून द्यावेत. पासपोर्टची आणि व्हिसाची रंगीत प्रत व मोबाइलमध्ये छायाचित्रे त्याने नेहमी जवळ ठेवावीत, मूळ पासपोर्ट कुलूपबंद ठेवावा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट न संकोचता सांगायला हवी : एकट्या आफ्रिकन स्त्रीकडे ‘रेट काय?’ असे विचारणारे पुरुष या देशातल्या कोणत्याही शहरात भेटतात. तिला आपला आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक, तसेच महिलांसाठीचा १८१ अभयम हा क्रमांक पहिल्याच दिवशी द्यावा, आणि असे काही घडल्यास ‘तू तिकडे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न आपण विचारणार नाही याची खात्री तिला असू द्यावी.

प्रसंग ओढवला तर

रेल्वेच्या डब्यात, खाणावळीत किंवा रस्त्यावर पाहुण्याला कोणी अपमानास्पद बोलले, तर आपण आधी पाहुण्याकडे वळावे, बोलणाऱ्याकडे नंतर. ‘तुला इथे थांबायचे आहे की निघायचे आहे?’ हे विचारून त्याच्या उत्तराप्रमाणे वागावे. पुष्कळ यजमान त्वेषाने भांडायला उभे राहतात, गर्दी जमते, आणि त्या गर्दीच्या मध्यभागी सापडतो तो पाहुणाच. भांडण आपले असते, जोखीम त्याची. दुसऱ्या टोकाचे यजमान ‘त्यांच्या मनात तसे काही नव्हते’ अशी समजूत घालू लागतात. त्यापेक्षा जे घडले ते आपणही पाहिले, एवढे पाहुण्याला सांगितले तरी त्याला आधार वाटतो, कारण असे प्रसंग सांगितल्यावर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही हा त्याचा नेहमीचा अनुभव असतो.

मारहाण, अडवणूक किंवा धमकी झाली तर ११२ वर फोन करावा आणि तोवर वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक, पाहणाऱ्या एकदोघांची नावे आपल्या मोबाइलवर टिपून ठेवावीत. हद्दीचे कारण सांगून तक्रार परतवली जात असेल तर शून्य क्रमांकाची एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. नोंद घेतलीच नाही तर त्याच कलमाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवता येते. भारतीय न्याय संहितेत साध्या मारहाणीसाठी कलम ११५, अडवणुकीसाठी १२६, चिथावणीखोर अपमानासाठी ३५२, स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दांनी किंवा हावभावांनी अपमान केल्यास ७९, आणि पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंशाच्या कारणावरून गंभीर दुखापत केल्यास ११७ (४) ही कलमे आहेत. फिर्यादीत ‘किरकोळ बाचाबाची’ असे लिहिले जात असेल तर उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून घेण्याचा आग्रह धरावा, कारण वंशाचे कारण कागदावर आले नाही तर ते पुढे सिद्ध करायला काहीच उरत नाही. फिर्याद गुजरातीत लिहिली जाईल. सही करण्यापूर्वी ती पाहुण्याला इंग्रजीत समजावून सांगावी आणि प्रत मागून घ्यावी.

विद्यार्थी असल्यास विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेला असेल तर परिषदेच्या अहमदाबाद कार्यालयाला, आणि त्याची इच्छा असेल तर त्याच्या देशाच्या दिल्लीतील दूतावासालाही कळवावे. इच्छा असेल तर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. परीक्षा तोंडावर आलेली असते, व्हिसाचे नूतनीकरण व्हायचे असते, घरी आईला कळू द्यायचे नसते. अशा वेळी तो तक्रार करू इच्छित नसेल तर त्याला भित्रा ठरवू नये. टिपून ठेवलेला तपशील जपून ठेवावा, पुढे कधी त्याचे मन बदलले तर तो लागेल.

खोली सोडताना

भाडेकरू जाताना डिपॉझिट परत करण्याबरोबर त्याला एक शिफारसपत्र द्यावे, कारण पुढच्या घरमालकाच्या दारात त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असते. पत्र गुजरातीत किंवा इंग्रजीत, दहाबारा ओळींचे, सहीचे आणि तारखेचे असावे : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत राहिला, भाडे वेळेवर दिले का, खोली कशा स्थितीत परत केली, सी-फॉर्म आणि पोलीस नोंद कधी झाली. ‘आफ्रिकन असूनही चांगला मुलगा आहे’ असे वाक्य त्यात चुकूनही लिहू नये. खाली आपला मोबाइल क्रमांक द्यावा, आणि पुढचा घरमालक फोन करील तेव्हा तो उचलावा. बहुतेकांना पत्रापेक्षा त्या दोन मिनिटांच्या बोलण्यावर अधिक भरवसा वाटतो, आणि दांडिया बाजारातल्या एका मराठी घराने वर्षभर जागा दिली होती हे कळल्यावर ‘हिला विचारतो’ म्हणणाऱ्याला पुढे काय बोलावे ते सहसा सुचत नाही.